विश्रांतीचं चौथं वर्ष

गहू चांगला वीतभर झाला होता. थोरलीला ते काल संध्याकाळी कळलं, आणि उद्या सकाळी दहाला जमिनीची मोजणी-पाहणी करणारे फीतवाले साहेब येणार होते. मधे उरला होता हा एक बुधवार. त्यातलीही निम्मी सकाळ चहाच्या कपांनी खाल्ली होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चौघं बसली होती. पाचवी खुर्ची रिकामी होती, ती आबांची. दर बुधवारी आठच्या बसनं ते दवाखान्यात पायाची पट्टी बदलायला जात आणि एकच्या बसनं परत येत. म्हणूनच थोरलीनं दिराला आणि नणंदेला नेमकं या वेळी बोलावलं होतं. सासऱ्याच्या पाठीमागे घर गोळा करायची तिची ही काही पहिली वेळ नव्हती. चार वर्षांपूर्वीही बुधवारच होता आणि टेबलही हेच होतं, फक्त नणंद नव्हती.

"वाचा ना वहिनी परत," धाकटा म्हणाला. तो दुधाचा टँकर चालवायचा आणि टँकरच्या इंजिनावर बोलायची सवय लागल्यानं घरातही ओरडूनच बोलायचा.

थोरलीनं पत्र पुन्हा उलगडलं. "'आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात सदर जमिनीच्या मध्यभागी रंगात बदल आढळून आला आहे. प्रत्यक्ष पाहणीसाठी अधिकारी गुरुवारी सकाळी दहा वाजता येतील. नांगरणी वा पेरणी आढळल्यास मंजुरी रद्द होऊन आजवर दिलेली सर्व रक्कम दंडासह वसूल केली जाईल.'"

"आकाशातून!" धाकट्यानं कपाळावर हात मारला. "माझ्या टँकरचं मागचं झाकण भर रस्त्यात पडलं, ते तीन गावांत कुणाला दिसलं नाही. आणि म्हाताऱ्याचा चार वाफे गहू आकाशातून दिसला!"

कुणी हसलं नाही. थोरला हमालांचा मुकादम, दिवसभर गोदामात दुसऱ्यांच्या पोत्यांकडे बघायचा आणि घरी आला की कपाकडे. आताही तो कपाकडेच बघत होता.

"मला एक सांगा," ताई म्हणाली. ती शिवणकाम करायची. बोलताना समोरच्याच्या सदऱ्याचा निघालेला धागा तिला दिसायचाच. "आबांना ठाऊक आहे ना, की त्या तुकड्यात पेरायचं नाही?"

थोरलीनं पत्राची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"वहिनी, मी तुम्हाला विचारतेय."

"नाही," थोरली म्हणाली. "आपण योजनेत आहोत, हेच त्यांना ठाऊक नाही."

योजना तशी साधी होती. पाच वर्षं जमिनीला हात लावायचा नाही. नांगर नाही, बी नाही, फवारा नाही. माती सावरेल, खोल गेलेलं पाणी वर येईल, आणि न घेतलेल्या पिकापोटी सरकार दर वर्षी एक हप्ता खात्यावर टाकील. गावच्या सभेत पहिल्यांदा हे वाचून दाखवलं तेव्हा आबा काठी टेकत उभे राहिले होते. "पेरल्याबद्दल द्या, घेतो. पेरलेलं बुडालं म्हणून द्या, तेही घेतो. पण न पेरल्याबद्दल कसले घ्यायचे, साहेब? मग आमच्या गावात जन्मभर न पेरलेले चौदा जण आहेत, त्यांना आधी मागल्या तारखेपासून द्या." सभा पोट धरधरून हसली होती. आबा मात्र हसले नव्हते.

त्या रात्री थोरलीनं नवऱ्याला विचारलं होतं, आता? नवरा म्हणाला होता, तूच बघ. तो तसं म्हणाला की तिला बघावंच लागायचं. खालची जमीन विकून झाली होती. टेकडीखालचा हा एक तुकडा उरला होता, आणि त्यात पिकलं तरी मजुरीला आणि मळणीला पुरेना. मग तिनं आबांना सांगितलं, "आबा, तो तुकडा दमलाय. थोडी विश्रांती देऊ त्याला." आबा खूश झाले. सुनेला माती कळायला लागली, असं त्यांना वाटलं. "खरंय तुझं," ते म्हणाले, "तीन वर्षं दे. माझे वडीलही तीनच द्यायचे." त्याच आठवड्यात पेन्शनचे तीन कागद आले होते. थोरलीनं त्यांच्याखाली चौथा ठेवला. आबांनी चष्मा शोधला नाही. कागद सुनेनं पुढं केला होता, त्यांना तेवढं पुरे होतं.

तीन वर्षं त्यांनी मोजली असतील, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या पलंगामागच्या खिळ्याला एक सुतळी लटकलेली असायची. दर आठवड्याला ती त्या सुतळीवरून फडकं फिरवायची. कशाला तरी बांधायला ठेवली असेल, असं समजून. काल शेतातून परत आल्यावर तिनं ती हातात घेऊन पाहिली. तीन गाठी होत्या, सारख्या अंतरावर, घट्ट.

"म्हणजे तुम्ही त्यांना फसवलंत," ताई म्हणाली.

"फसवलं."

"आणि आता वर त्यांचं पीक उपटायचं?"

"ताई, तुला गहू कशाला म्हणतात ते दुकानातल्या पिशवीवर वाचून कळतं," धाकटा म्हणाला. "पीक म्हणे! चार किलोचा डबा सांडलाय तो."

"डबा कुठला?" ताईनं विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं. "आईचा?"

थोरलीनं मान हलवली.

तो काळ्या कुसळाचा गहू सासूनं माहेरून आणला होता. ताट उंच, दाणा बारका, बियाण्याच्या दुकानात त्याला नाव नाही. दर दोन-तीन वर्षांनी सासू तो कुठल्यातरी कडेला पेरायची आणि नवा डबा भरून ठेवायची. शेवटच्या दुखण्यात तिनं तो डबा थोरलीच्या मांडीवर ठेवला होता. लेकीच्या नाही, थोरलीच्या. "फार दिवस ठेवू नकोस," ती म्हणाली होती. "बी आधी झोपतं, मग मरतं. झोपलंय तोवर उठवायचं." थोरलीनं तो कपाटावर ठेवला. मग लेकीचं कॉलेज, घरावरचे पत्रे, नवऱ्याची पाठ. कपाटावरचा डबा कपाटावर राहिला. काल ती स्टुलावर चढली तेव्हा डबा तिथंच होता, पण रिकामा. धुवून, पुसून, पालथा घातलेला. आबांनी धुतला होता. सासू असाच पालथा घालायची.

"सगळं बी टाकलंय त्यांनी," थोरली म्हणाली. "डब्यात एक दाणा नाही."

ताई उठून खिडकीपाशी गेली. "मग नाही उपटायचं," ती म्हणाली. "साहेबांना खरं सांगायचं. म्हातारा माणूस, त्याला ठाऊक नव्हतं, पेरलं. माणूसच आहे ना तोही?"

"ठाऊक नव्हतं कसं म्हणणार?" थोरला पहिल्यांदाच बोलला. "फॉर्मवर सही आबांची आहे. जमीन आबांची. ज्यानं लिहून दिलं की पेरणार नाही, त्यानंच पेरलं. खोटे ठरतील ते आबा, आपण नाही."

"तर मग पैसे परत करा!"

"कुठले?" धाकटा म्हणाला. "हे बघ ताई, पहिल्या हप्त्यातून अंगणात काँक्रीट झालं, माझा टँकर चिखलात रुतायचा म्हणून. ते मी खाल्लं, कबूल. दुसऱ्यात घरावरचे पत्रे. आणि तिसऱ्यात..." तो थांबला. थोरल्यानं त्याच्याकडे बघितलं होतं.

"तिसऱ्यात काय?"

"काही नाही."

"बोल की. एरवी तुझं तोंड बंद करायला ब्रेक लागतो."

"तुझे डोळे," धाकटा पडलेल्या आवाजात म्हणाला. त्याचा आवाज एवढा खाली येतो, हे कुणाला माहीत नव्हतं.

ताईनं दादाकडे पाहिलं. ऑपरेशनला सगळा खर्च दादानं पगारातून केला, असं ती चार शिवणवाल्या बायांत छाती पुढं काढून सांगत आली होती. दादा कपाकडे बघत होता. कपात काही नव्हतं.

"म्हणजे मी ज्या डोळ्यांनी..." ती म्हणाली आणि परत येऊन खुर्चीत बसली. मग बराच वेळ ती टेबलावरचे कण बोटानं एका ठिकाणी गोळा करत राहिली.

"चौथ्या हप्त्यावर पोरीचं शेवटचं वर्ष आहे," थोरली म्हणाली. लेक दूरच्या गावी नर्सिंग शिकत होती. "साहेबांनी उद्या 'ठीक' लिहिलं, तर तो महिन्याभरात येईल. नाही लिहिलं, तर पोरगी परत येईल."

घड्याळात साडेनऊ झाले होते.

"नांगरूनही चालणार नाही," धाकटा म्हणाला, "नांगरही आकाशातून दिसेल. हातानं उपटायचा. वर वाळलेलं गवत पसरायचं. चार जण, तीन तास. म्हातारा यायच्या आत."

"आणि त्यांना काय सांगायचं?" ताईनं विचारलं.

"डुकरं आली म्हणायचं."

"आणखी एक खोटं," थोरली म्हणाली. पण उठली तीच पहिली. पोती घ्यायला.

*

तुकडा टेकडीच्या पोटाशी होता. चार वर्षांत कमरेएवढं रान माजलं होतं, काटे, भुंडी झुडपं, वाळलेली बोंडं. त्या रानाच्या मधोमध आबांनी एक मोकळी जागा केली होती, बाहेरून कुणाला दिसू नये अशी. आकाशाचा विचार त्यांनी केला नव्हता. त्यांच्या आयुष्यात आकाश कधी खाली बघून लिहून घेत नव्हतं.

काटे वाकवून चौघं आत शिरली आणि थांबली.

ओळी दोरीनं आखल्यासारख्या सरळ होत्या. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पायाला जखम, हातात नुसतं खुरपं. किती दिवस येत असतील ते इथं? फिरून येतो, म्हणायचे. थोरली म्हणायची, लांब जाऊ नका. मातीची ढेकळं हातानं फोडून रव्यासारखी केली होती. खडे वेचून एका कडेला त्यांचा नीट ढीग रचला होता. आणि त्यावर तो गहू, हिरवा, असा हिरवा की बघणाऱ्याला आपलेच हात मळके वाटावेत. दवानं पातं न् पातं जड झालं होतं.

"आयला," धाकटा म्हणाला. एवढंच.

त्यानं पोतं खाली टाकलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. खिशातून काडेपेटी काढली, परत ठेवली. "दादा," तो म्हणाला, "भरू आपण पैसे. मी टँकरच्या मालकाकडून उचल घेतो. दोन वर्षं फुकट चालवीन."

"दोन वर्षं जेवशील काय?"

"बघू."

"आत्ता घरात तूच म्हणालास ना, डबा सांडलाय म्हणून?"

"घरात म्हणालो. इथं नाही म्हणालो."

थोरल्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला. त्यांच्यात असं काही करायची रीत नव्हती. "पोरीला काय सांगू?" त्यानं विचारलं. "आजोबांचा गहू बरा आलाय, तू ये घरी, असं सांगू?"

धाकट्यानं ताईकडे पाहिलं, ताई आपल्या बाजूची म्हणून. ताई आपल्या नव्या डोळ्यांनी गव्हाकडे बघत पोत्याची घडी उलगडत होती. टेबलाशी एक आबांच्या बाजूला होती आणि एक विरुद्ध, ती दोघं इथं येईपर्यंत जागा बदलून बसली होती. अखेर बाजू उरलीच नाही कुणाची.

थोरली खाली बसली. पहिलं रोप तिनं उपटलं.

फार सहज आलं. मातीच एवढी मऊ केली होती. पांढऱ्या बारीक मुळ्यांच्या टोकाला अजून तो दाणा होता, पोकळ झालेला, सालपटासारखा. दुसरं आलं. तिसरं. मग ती बघेनाशी झाली आणि नुसती उपटत राहिली. थोड्या वेळानं शेजारी नवरा बसला, मग पलीकडच्या ओळीत ताई. शेवटी नाक ओढत धाकटाही.

थोरलीच्या डोक्यात सासूची ओवी सुरू झाली होती. पेरताना सासू ती पुटपुटायची, ओठ हलताना दिसले तरच कळायची:

*मूठभर दिलं तुला, माते, झाकून तू ठेव,*
*वळून मी पाहीन, तेव्हा हिरवं मला दाव.*

आणि खरोखरच ओळ संपली की सासू वळायची आणि नुकत्या पेरलेल्या काळ्या मातीकडे अशी बघायची, जणू आत्ताच उगवलंय. थोरली नवी नवरी असताना हसली होती तिला. आता ती ओवी डोक्यातून काढायची कशी, तिला कळेना. एका रोपाला 'मूठभर', दुसऱ्याला 'वळून'. पोतं अर्धं भरलं. ताईनं गुपचूप पाच-सहा रोपं ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. सगळ्यांनी बघितलं. लावणार कुठं? अंगणात काँक्रीट होतं.

निम्म्याहून जास्त झालं असेल, तेव्हा काट्यात काठी वाजली.

"कोण आहे रे आत?"

एक वाजायला अजून तास-दीड तास होता. आबा काटे बाजूला सारत आत आले. पायाला गेल्या बुधवारचीच मळकी पट्टी. "नर्सबाईच आल्या नाहीत आज, आलो आधीच्या बसनं," ते आपल्याशीच म्हणाले, मग समोर पाहिलं. तीन पोरं आणि सून, चौघंही त्यांच्या गव्हात उकिडवी बसलेली.

त्यांचा चेहरा असा उजळला, की थोरलीनं मान खाली घातली.

"सापडलं होय तुम्हाला?" ते लाजल्यासारखे हसले. "मी म्हटलं, ओंब्या आल्या की एकदमच दाखवू. आणि हा धाकटा पण! टँकर सोडून! अरे, दुधाचं दही होईल की."

कुणाला हसता येईना. आबांनी काठी आडवी टाकली आणि गुडघ्यावर हात देत खाली बसले, थोरलीच्या शेजारी. "तण काढताय, बरं केलंत. माझ्या एकट्याच्यानं उरकत नव्हतं. तीन वर्षांचं तण आहे, ते काय ऐकतंय... अगं अगं, थांब! हे तण नाही. गहूच उपटलास की."

तिच्या बोटांतून त्यांनी ते रोप हळूच काढून घेतलं. मातीत बोटानं भोक पाडलं, मूळ आत सोडलं आणि अंगठ्यानं दाबलं. "असू दे. कोवळ्यात दोन्ही सारखीच दिसतात. तुझ्या सासूनं पण पहिल्या वर्षी..."

आणि त्यांची नजर पोत्यावर गेली.

पोत्याचं तोंड उघडं होतं. वरवर भरलेली हिरवी पाती दिसत होती, कोमेजून एकमेकांवर पडलेली. आबांनी पोत्याकडे पाहिलं. मग मागं, रिकाम्या ओळींकडे. मग एकेकाच्या हातांकडे.

"आबा," थोरली म्हणाली, "डुकरं..." आणि तिला पुढं बोलता येईना. मग जे चार वर्षं बोलायचं राहिलं होतं ते ती एका दमात बोलली. योजना, हप्ता, पाच वर्षं, उद्याचे साहेब, आकाशातला फोटो. काँक्रीट सांगितलं, पत्रे सांगितले, पोरीचं कॉलेज सांगितलं. डोळ्यांचं ताईनं स्वतः सांगितलं. आबा ओळीत पडलेल्या आपल्या खुरप्याच्या मुठीवरची माती नखानं काढत ऐकत राहिले.

"सही कुणाची आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुमची."

"मी कधी केली?"

"पेन्शनच्या कागदांखाली ठेवला होता मी."

"हं." त्यांनी मान डोलावली. "म्हणजे शब्द मी दिलाय. मग पेरायलाच नको होतं मी."

"आबा, शिव्या द्या आम्हाला," धाकटा रडवेल्या आवाजात म्हणाला. "पाहिजे तर मारा. पण असं नका बोलू."

"मारू कशाला? तुझे हात बघ, आयुष्यात पहिल्यांदा मातीत गेलेत." ते म्हणाले. त्यात विनोद होता की नाही, कुणाला कळलं नाही. मग थोरलीकडे न बघता त्यांनी विचारलं, "मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," आबा म्हणाले. "पहिल्या दिवशी म्हणालो असतो. दुसऱ्या दिवशी नातीचं तोंड आठवून सही केली असती. तेवढा एक दिवस द्यायचा होता मला."

टेकडीवरून कुणाच्या तरी पंपाचा आवाज येत होता, टकटकटक, एकसारखा.

आबांनी मघाशी लावलेल्या रोपाकडे बघितलं. ते वाकडं उभं होतं. त्यांनी दोन बोटं त्याच्या बुडाशी घातली आणि ते अलगद उपटून पोत्यात टाकलं.

"नुसतं ओढू नका," ते म्हणाले. आवाज अगदी कामाचा होता, शिकवायचा. "बोटं खाली घाला. अशी. मुळासकट यायला पाहिजे. वरचं तुटलं आणि मूळ राहिलं, तर पुन्हा फुटेल. जात चिवट आहे ती."

मग ते ओळीनं पुढं सरकले. त्यांच्याइतका भरभर आणि नीट कुणालाच उपटता आला नाही.

*

फीतवाले साहेब गुरुवारी बरोबर दहाला आले. तरुण होता, बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालणारा, आणि बोलायला फार चांगला. त्याचंच थोरलीला वाईट वाटलं. त्यानं यंत्र धरून चार कोपरे घेतले, मधल्या जागेपाशी उभा राहिला, वाळलेलं गवत बुटानं थोडं सरकवलं.

"इथं हिरवं दिसत होतं."

"गवत होतं," थोरला म्हणाला. "काढलं."

"काढायचंही नसतं तसं. पण ठीक आहे." तो आबांकडे वळला. सदऱ्याची बटणं लावून, काठी टेकून आबा उभे होते. "आजोबा, तुम्हीच ना मालक? विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. या जमिनीत काही पेरलं होतं का?"

आबा खोटं बोलत नसत. गावात माप, बांध, मोजणी कसलाही वाद झाला की त्यांना बोलवत, ते याच कारणानं. थोरलीनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"पेरणारं कोण राहिलंय घरात, साहेब?" आबा म्हणाले.

साहेब समजुतीनं हसला आणि लिहून घेतलं. 'ठीक.' मग गाडीतून त्यानं लोखंडी खांबावरची एक पाटी आणली. योजनेतल्या चांगल्या जमिनींवर यंदापासून लावायची होती. 'ही भूमी विश्रांती घेत आहे.' अक्षरं हिरवी होती. "तुमच्यासारखी जमीन राखणारी माणसं कमी," तो म्हणाला. "कुठं लावू या?"

"इथंच लावा," आबा म्हणाले. "इथली माती मऊ आहे."

थोरल्यानं हातोडा मारला, आबांनी खांब धरला. खांब सरसर आत गेला. मग आबांनी सवयीनं बुडाशी माती ओढली आणि टाचेनं दाबली, एकदा इकडून, एकदा तिकडून, बी झाकून झाल्यावर दाबतात तशी. दाबता दाबता त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पाय मधेच थांबला.

साहेबांची गाडी गेली. घराच्या दारात ताईनं बादलीत लावलेली पाच-सहा रोपं सकाळीच माना टाकून पडली होती, ते येताना सगळ्यांनी पाहिलं होतं. पोतं शेजारच्या शेळ्यांना गेलं होतं. चौथा हप्ता महिन्याभरात येणार होता.

आबा काठी टेकत पुढं निघाले. काट्यांपाशी ते क्षणभर थांबले. थोरलीला वाटलं, आता वळतील. सासू वळायची तसे वळतील आणि बघतील. तिच्या ओठांवर ती ओवी अर्धी येऊन अडकली.

आबांनी काठीनं काटे बाजूला केले आणि बाहेर पडले. वळून पाहिलं ते थोरलीनं.

पाटीच तेवढी हिरवी होती.